वारसा हलगीचा, वाणी कामगाराची

शाहीर अण्णाभाऊ साठे यांना महाराष्ट्र ओळखतो तो प्रामुख्याने ‘फकिरा’ या कादंबरीचे लेखक म्हणून. तीसहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, प्रवासवर्णन आणि त्यांच्या कथांवर निघालेले मराठी चित्रपट एवढा मोठा संसार त्यांनी अवघ्या ४८ वर्षांच्या आयुष्यात उभा केला. मात्र या साऱ्या लेखनाच्या आधी त्यांचे गाणे होते. कागदावर अक्षर उमटण्यापूर्वी त्यांच्या बोटांना ढोलकी ठाऊक होती, आणि त्यांचा पहिला श्रोता वाचनालयात बसलेला नव्हता, तो पाळी संपवून मैदानात येऊन बसलेला होता. अण्णाभाऊंचे मोठेपण समजून घ्यायचे, तर त्यांच्यातल्या कादंबरीकाराला काही काळ बाजूला ठेवून शाहिराकडे पाहावे लागते.

हे गाणे त्यांनी कोठून आणले, त्याचे काय केले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्यांचे चरित्र सामावलेले आहे.

वारणेच्या खोऱ्यातला वारसा

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवा तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आता ते सांगली जिल्ह्यात आहे. आई वालुबाई, वडील भाऊराव. घर मांगवाड्यात. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया या वस्तीवर पडलेली होती. एखाद्या माणसाने काही गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच या कायद्याला पडत नसे. जन्माने तो कोण आहे, एवढे पुरेसे होते. पुरुषांना हजेरी द्यावी लागे आणि परगावी जायचे तर परवानगी काढावी लागे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, हा कायदा रद्द झाला. तोवर अण्णाभाऊंचे बालपण आणि तारुण्य सरलेले होते.

भाऊराव मुंबईत साहेबांच्या बागांत माळीकाम करीत. गावात मागे राहिलेल्या कुटुंबाचे पोट मोलमजुरीवर चाले. शाळेशी तुकारामाचा संबंध आला तो दीड दिवसापुरता. वर्गात वेगळे बसविले जाणे आणि मास्तरांचा मार एवढाच धडा त्या दीड दिवसात मिळाला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे विद्यापीठांनी ज्यांच्या साहित्यावर प्रबंध लिहून घेतले, त्या लेखकाचे औपचारिक शिक्षण एवढेच.

परंतु ज्या वस्तीला अक्षर नाकारले गेले होते, तिच्याकडे सूर आणि ताल यांची मोठी श्रीमंती होती. गावात लग्न असो, जत्रा असो, देवाची पालखी असो वा अंत्ययात्रा, वाजविण्याचे काम मांगवाड्याकडे असे. सनई आणि हलगी हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. वाजंत्री मंगल मानायची आणि वाजविणाऱ्याला शिवायचे नाही, हा गावगाड्याचा न्याय होता. तमाशाचेही तसेच होते. मराठी तमाशाला वगाची जोड देणारे उमाबाबू सावळजकर याच समाजातले आणि याच मुलखातले. १८६५ मधील त्यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ब्राह्मण घर सोडून फडात उतरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या लावण्यांनी मुंबई-पुण्याची थिएटरे भरून वाहिली, आणि १९४५ मध्ये पुण्यात त्यांचा शेवट हलाखीत झाला. पठ्ठे बापूराव जात सोडून या कलेकडे आले. अण्णाभाऊंना ही कला जातीबरोबरच मिळाली होती. ती स्वीकारावी की टाकून द्यावी, एवढाच निर्णय त्यांच्या हाती होता. तो निर्णय सोपा नव्हता. ज्या हलगीने घरात भाकर येई, तीच हलगी हलकेपणाची खूणही होती.

आणखी एक वारसा रक्ताचा होता. इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड करणारा फकिरा राणोजी साठे हा वाटेगावचाच, त्यांच्या भावकीतला. दुष्काळात उपाशी माणसांसाठी खजिना लुटणाऱ्या या बंडखोराच्या कथा वस्तीत रात्री सांगितल्या जात. तुकारामाच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतले रुपये ओंजळीने भाऊरावांच्या घरी दिले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत तथ्य किती, हे महत्त्वाचे नाही. ज्या माणसांना सरकारी दप्तरात केवळ गुन्हेगार म्हणून जागा होती, त्यांना वीर म्हणून जागा देणारी एक तोंडी बखर त्या मुलाच्या कानावर रोज पडत होती, हे महत्त्वाचे आहे. पोवाडा म्हणजे काय, हे त्याला पोवाड्याचे नाव कळण्यापूर्वीच कळले होते.

पायी गाठलेली मुंबई

१९३१-३२ च्या सुमारास दुष्काळ आणि बेकारीला कंटाळून साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघाले ते पायी. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल तेथे मजुरी करायची, दोन दिवसांची भाकर गाठीला बांधायची आणि पुढे चालायचे, असा तो प्रवास होता. मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत बिऱ्हाड पडले. दहा-अकरा वर्षांचा तुकाराम मिळेल ते काम करू लागला. त्याने कोळसा वेचला, हमाली केली, फेरीवाल्यामागे कापडाचे गाठोडे वाहिले, लोकांच्या घरी पडेल ते काम केले आणि पुढे गिरणीची नोकरीही केली.

अक्षरओळख झाली ती याच रस्त्यांवर. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके हीच त्याची अंकलिपी. एकेक अक्षर जुळवीत तो वाचायला शिकला. मुंबईच्या रस्त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सभा. गिरणगावात त्या काळी दर चार दिवसांनी मोर्चा निघे, मैदानात लाल झेंडे दिसत, वक्ते मजुरीचा आणि नफ्याचा हिशेब सोप्या भाषेत मांडत. गावात दारिद्र्य हे नशीब होते. येथे ते कोणाच्या तरी खतावणीतला आकडा म्हणून दिसू लागले.

अण्णाभाऊंच्या पुढच्या साऱ्या गाण्याला या स्थलांतराची पार्श्वभूमी आहे. गिरण्यांतले बहुसंख्य कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेले. बायको-मुले गावी, आपण दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा जणांसह. अशा माणसांना करमणूक हवी होती, तशी आपल्या एकटेपणाला वाचा देणारी माणसेही हवी होती. दूर अमेरिकेत नेमक्या याच दशकांत असेच काही घडत होते. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबणारे कृष्णवर्णीय मजूर उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले होते आणि आपले ‘ब्लूज’ नावाचे गाणे बरोबर नेत होते. त्यांच्यातले कितीतरी गिटारवादक लहानपणी लाकडावर एकच तार ताणून तिच्यावर शिकलेले असत. आपल्या तुणतुण्याची ही सख्खी बहीण म्हणावी. १९४३ मध्ये मडी वॉटर्स हा शेतमजूर गायक मिसिसिपी सोडून शिकागोला पोहोचला, त्याच वर्षी मुंबईत अण्णाभाऊंचे नाव पोवाड्यामुळे गाजू लागले. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. पण कापसाने दोन्हीकडची माणसे गावातून उपटली होती, आणि दोन्हीकडे अस्पृश्य वा गुलाम ठरविलेल्या जमातींच्याच गळ्यातून त्या उपटले जाण्याचे गाणे उमटले होते.

फड आणि फौज

मुंबई आणि वाटेगाव यांच्यामध्ये अण्णाभाऊंच्या फेऱ्या होत राहिल्या. या फेऱ्यांच्या काळातच ते आपले चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात दाखल झाले. येथे त्यांचे खरे शिक्षण झाले. ढोलकी, तुणतुणे, हार्मोनियम अशी वाद्ये ते हाताळू लागले, सोंगे घेऊ लागले, लावणी आणि छक्कड रचू लागले. तमाशाची वीण त्यांना आतून कळली. गणात गणपतीला वंदन, गौळणीत कृष्ण आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, मग सवाल-जवाब, बतावणी आणि शेवटी वग, हा क्रम. त्यात सोंगाड्याने राजाला भरदरबारात उलटे प्रश्न विचारून प्रेक्षकांना हसवायचे, ही परवानगी. आणि रात्रभर हजारो माणसे जागी ठेवण्याची हातोटी. हे सारे त्यांनी पुस्तकातून घेतले नाही.

त्याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील सभा गाजवीत होते. त्यांच्या रांगड्या, म्हणी-दाखल्यांनी भरलेल्या भाषणांचा ठसा अण्णाभाऊंवर उमटला. १९४२ च्या चळवळीत ते ओढले गेले, पोलीस मागावर लागले आणि त्यांनी पुन्हा मुंबई गाठली.

मुंबईतले त्यांचे ठिकाण होते माटुंग्याचा लेबर कॅम्प. धारावीला लागून असलेल्या या वस्तीत दलित कामगार दाटीवाटीने राहत. कॉम्रेड आर. बी. मोरे, के. एम. साळवी, शंकर नारायण पगारे यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे भेटले. मोरे हे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या उभारणीत बाबासाहेबांबरोबर होते आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. जात आणि वर्ग हे दोन प्रश्न एकाच माणसाच्या आयुष्यात कसे एकत्र नांदतात, याचे उदाहरण अण्णाभाऊंपुढे रोज वावरत होते. मॅक्झिम गॉर्कीची ओळख झाली तीही याच काळात. दीड दिवसाच्या शाळेनंतर खुले झालेले हे दुसरे विद्यालय.

लेबर कॅम्पात त्यांनी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या गाण्याचा विषय होता तेथले डास. गटारांच्या काठी राहणाऱ्या वस्तीला रात्रभर झोपू न देणाऱ्या या शत्रूवर त्यांनी गाणे केले आणि वस्ती हसली. हा तपशील वरवर गमतीचा वाटतो. पण ज्याच्यामुळे हाल होतात त्याला आधी हास्यास्पद करायचे, ही सोंगाड्याची जुनी रीत त्या गाण्यात होती. पुढे डासांच्या जागी सावकार आला, शेटजी आला आणि मंत्रीही आला.

१९३९ मध्ये त्यांनी स्पेनमधील यादवी युद्धावर पोवाडा रचला होता. १९४३ मध्ये आला ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’. नाझी फौजांना व्होल्गेच्या काठी थोपवून धरणाऱ्या शहराची ही कथा. मराठी पोवाड्याचा विषय तोवर राजे, सरदार आणि गड-किल्ल्यांची लढाई हा असे. अण्णाभाऊंनी त्याच चालीत, डफाच्या त्याच कडकडाटात, कधी न पाहिलेल्या शहरातल्या कामगारांचे शौर्य गायिले. गिरणी कामगाराला रशियाचा नकाशा ठाऊक नव्हता, पण किल्ला लढविणे म्हणजे काय हे त्याला तानाजीपासून ठाऊक होते. त्या ओळखीच्या वाटेने शाहिराने त्याला जगाच्या राजकारणात नेऊन उभे केले. बंगालच्या दुष्काळावरील ‘बंगालची हाक’ ही रचना याच काळातली. भुकेवर लिहिताना त्यांना कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नाही.

लाल बावट्याखाली

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. मराठी लोकरंगभूमीच्या इतिहासातील हे एक विलक्षण त्रिकूट. बार्शीच्या मुस्लिम घरात जन्मलेले, मेहबूब पटेल हे मूळ नाव असलेले अमर शेख म्हणजे दहा-वीस हजारांच्या सभेला ध्वनिक्षेपकाविना पुरून उरणारा पहाडी आवाज. गव्हाणकर हे स्वतः कवी आणि कुशल संघटक. लेखणी आणि ढोलकी ही अण्णाभाऊंची बाजू. कलापथक महाराष्ट्रभर हिंडले. कामगारांच्या वस्त्या, शेतकरी परिषदा, संपाची मैदाने हीच त्यांची नाट्यगृहे होती. १९४६ मध्ये अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्याचा पोवाडा झाला. तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्याचा झाला. फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीतील दंग्यांवरही त्यांनी पोवाडा रचला आणि माणसे माणसांना का मारतात, हा प्रश्न डफावर विचारला.

तमाशाच्या जुन्या साच्यात त्यांनी केलेले बदल या काळातले. गणात गणपतीऐवजी त्यांनी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन केले. गौळण काढून टाकली. स्त्रीला पाहण्याची वस्तू म्हणून रंगमंचावर आणण्यास त्यांचा विरोध होता. मात्र सोंगाडी त्यांनी ठेवला, किंबहुना त्यालाच नायक केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ अशा त्यांच्या वगनाट्यांत अडाणी समजला जाणारा माणूस शहाण्यांची लबाडी उघडी पाडतो, आणि हसता हसता प्रेक्षक आपलाच प्रश्न ओळखतो.

या बदलाला पूर्वपरंपरा होती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून शाहिरीला नवा अर्थ दिला होता. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा उपयोग समाजप्रबोधनासाठी केला, आणि भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तोच धागा दलित वस्त्यांत नेला. अण्णाभाऊ या साखळीतली पुढची कडी. फरक असा, की जलशांना तमाशाच्या बदनामीपासून दूर राहावेसे वाटे, आणि अण्णाभाऊंनी तमाशाची रंगत, त्याचा चावटपणा वजा करूनही, जिवंत ठेवली. उपदेश करणारा शाहीर लोक ऐकून घेतात. हसविणाऱ्या आणि रडविणाऱ्या शाहिराचे ते पाठांतर करतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध घातले. फडांचे संसार उघड्यावर आले. या काळात ‘तमाशा’ हे नाव बाजूला ठेवून ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आले, ते रूढ करण्यात अण्णाभाऊंच्या कलापथकाचा मोठा वाटा होता. पांढरपेशा वर्गाने पुढे लोकनाट्याला डोक्यावर घेतले. ज्यांच्या दारावरून तमाशाचे नाव काढणे निषिद्ध होते, त्यांनी नव्या नावाची तिकिटे काढली. कलेला प्रतिष्ठा मिळाली. ती शतके जगविणाऱ्या वाड्या-वस्त्यांना तिच्यातला वाटा किती मिळाला, हा वेगळा प्रश्न आहे.

मैनेचा विरह

अण्णाभाऊंच्या सर्व रचनांत जनमानसात सर्वाधिक रुजली ती ‘माझी मैना’ या नावाने ओळखली जाणारी छक्कड. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ती जन्मली. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. मुंबईसह मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य मागणाऱ्या आंदोलनात शंभरहून अधिक माणसे हुतात्मा झाली होती. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे सभा गाजवीत होते आणि सभेला माणसे जमवून ठेवण्याचे काम शाहीर करीत होते.

अशा वातावरणात एखाद्याने रणगर्जनेचा पोवाडा लिहिला असता. अण्णाभाऊंनी विरहाचे गाणे लिहिले. गिरणीत कामाला आलेला एक पुरुष गावी ठेवून आलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, तिचा स्वभाव, निघतानाचा तिचा कासावीस चेहरा, तिची समजूत घालताना दिलेली दागिन्यांची वचने हे सारे तो लावणीच्या ऐवजात सांगतो. मग मुंबईचे वर्णन येते, खिशातले दारिद्र्य येते आणि गाणे नकळत रस्त्यावरच्या लढ्यात शिरते. शेवटी गावी राहिलेली मैना आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची गत एकच असल्याचे शाहीर सांगतो. श्रोत्यांना भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न समजावून द्यावा लागला नाही. मैदानात बसलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाची मैना गावीच होती.

या रचनेत अण्णाभाऊंचा सारा वारसा एकवटलेला आहे. शृंगाराची बोली फडातून आली, वाट पायी चालून आलेल्या मुलाची आहे, मुंबईचे चित्र कामगाराचे आहे आणि निष्कर्ष चळवळीचा आहे. राजकीय गाणी प्रसंगाबरोबर जुनी होतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मागणीचा मोठा भाग पुरा झाला, तरी हे गाणे थांबले नाही. सीमाभागातील मराठी माणसाला त्यात आपला प्रश्न दिसतो. आणि ज्याला तो प्रश्न ठाऊकही नाही, त्याला पोटासाठी दूर आलेल्या माणसाचे दुःख ऐकू येते. वैयक्तिक दुःख सार्वजनिक करण्याची ही किमया ब्लूजच्या गायकांनाही साधली होती. पण त्यांचे गाणे बहुधा दुःखाशी थांबे. शाहिराला मात्र जमलेल्या माणसांना दुःखाचे कारणही सांगावे लागते.

निळा आणि लाल

अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते आणि जातीचा दाह सोसलेले दलितही. या दोन ओळखींत त्यांच्या पश्चात पुष्कळ ओढाताण झाली. त्यांच्या स्वतःच्या लेखनात मात्र त्या एकमेकींना परक्या नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर अण्णाभाऊंनी लिहिलेले, घाव घालून जग बदलण्याचा बाबासाहेबांचा आदेश सांगणारे गीत आजही वस्त्या-वस्त्यांत गायिले जाते. १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण होऊन. तत्पूर्वी, १९५८ मध्ये, मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून ती दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तोललेली आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. पुराणातल्या प्रतिमेला उलटे करण्याची ही रीतही फडातलीच. गणातला देव बदलणारा हात तो हाच.

‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले. ज्या देशातील शहराचा पोवाडा त्यांनी लेबर कॅम्पात बसून रचला होता, तो देश अठरा वर्षांनी प्रत्यक्ष पाहिला. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात केले आहे.

चिरागनगरची खोली

रशिया पाहून आलेला हा लेखक परतला तो घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतल्या आपल्या खोलीत. आयुष्याची वीसहून अधिक वर्षे त्यांनी येथे काढली. पुस्तकांमागून पुस्तके येत होती, कथांवर चित्रपट निघत होते, ‘वैजयंता’सारख्या चित्रपटातून तमाशातल्या स्त्रीचे जिणे पडद्यावर गेले होते. पैसा मात्र त्यांच्या हाती टिकला नाही. उतरत्या काळात कौटुंबिक जीवन विस्कटले, व्यसन जडले, प्रकृती ढासळली, आणि जवळची माणसे पांगली. १९६८ मध्ये शासनाने दिलेल्या गोरेगावच्या घरात ते राहायला गेले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. ज्या दोन गळ्यांनी गिरणगाव जागविले, ते सहा आठवड्यांच्या अंतराने मिटले.

पठ्ठे बापूरावांची अखेर आणि अण्णाभाऊंची अखेर यांत चोवीस वर्षांचे अंतर आहे. एक वतनदार घरातून आलेला, दुसरा हजेरी देणाऱ्या वस्तीतून. दोघांचीही अखेर सारखीच झाली. लोककलावंताला टाळी देणाऱ्या समाजाने त्याच्या म्हातारपणाची तरतूद कधीच केली नव्हती. अण्णाभाऊंच्या बाबतीत ती अधिक खुपते. कारण श्रमाला दाम मिळाला पाहिजे, हेच तर ते आयुष्यभर गात आले होते.

गाणे आणि पुतळा

मृत्यूनंतर सन्मान आले. त्यांच्या नावे विकास महामंडळ स्थापन झाले, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, पुण्यासह अनेक शहरांत पुतळे आणि सभागृहे उभी राहिली. २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली. २०२२ मध्ये मॉस्कोतही त्यांचा पुतळा बसविण्यात आला. दर १ ऑगस्टला मिरवणुका निघतात. मातंग समाजाला त्यांच्या रूपाने स्वाभिमानाचा आधार मिळाला, ही मोठीच गोष्ट आहे.

याच काळात त्यांचा श्रोता मात्र नाहीसा होत गेला. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परळ-लालबागच्या ज्या मैदानांत पाळीवरून सुटलेली माणसे गाणे ऐकायला बसत, त्यांच्या भोवताली काचेचे मनोरे उभे राहिले. शाहिरी टिकली ती आंबेडकरी कलापथकांत, विद्रोही सांस्कृतिक चळवळीत आणि काही घराण्यांच्या निष्ठेत. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे हलगी आता क्वचितच ऐकू येते.

अण्णाभाऊंनी केले ते थोडक्यात एवढेच. जी कला जन्माबरोबर शिक्षा म्हणून गळ्यात पडली होती, ती त्यांनी लाजेने टाकून दिली नाही आणि होती तशी मिरविलीही नाही. तिच्यातला देव बदलला, नायक बदलला, ताल तोच ठेवला. ज्या वाद्याच्या आवाजावर गाव जेवत होते आणि वाजविणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवीत होते, त्याच वाद्यावर त्यांनी एका राज्याची मागणी गाऊन दाखविली. ते राज्य झाले. त्यांच्या गाण्यातला दुसरा अर्धा भाग, कष्टकऱ्याला माणसाचे जिणे मिळावे हा, अजून बाकी आहे. आज मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर आणि ऊसतोडीच्या फडांवर पोटासाठी आलेली माणसे नव्या बोलींत आपल्या गावाची आठवण काढतात. त्यांची मैनाही गावीच आहे.